माळ्यावरचे १५ वॉट

आमच्या कोथरूडच्या घरात, स्वयंपाकघराबाहेरच्या माळ्यावर, दिवाळीचे आकाशकंदील आणि मुलीच्या शाळेच्या जुन्या वह्या यांच्या मधोमध, सोलापुरी चादरीत गुंडाळलेला, गिटारचा आवाज काचेच्या नळ्यांनी (व्हॉल्व्हनी) वाढवणारा एक व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आहे. गेल्या आठवड्यात माळा आवरताना तो खाली उतरवला आणि पुढच्या पट्टीवरची धूळ पुसताना माझे लक्ष व्हॉल्यूमच्या बटणाकडे गेले. बटणाभोवती एक ते दहा आकडे छापलेले आहेत. एक आणि दोन यांच्या मधला रंग बोटांनी पुसट झाला आहे आणि तीनपासून पुढचे आकडे खोक्यातून निघाले त्या दिवशी होते तितकेच कोरे करकरीत आहेत. त्यावर घातलेल्या ५२,००० रुपयांतले नेमके किती रुपये मी वापरले, याचा इतका चोख हिशेब दुसऱ्या कोणत्याही वहीत सापडणार नाही.

मी गेली चोवीस वर्षे गिटार वाजवतो. पोटाचा उद्योग वेगळा आहे. वाजवून मिळालेले पैसे आणि वाजवण्यासाठी घातलेले पैसे यांची तुलना घरात कोणी करू नये असे माझे धोरण आहे. या काळात ज्या वस्तूंवर पैसे घालून नंतर पस्तावलो, त्यांना मी इतरांप्रमाणेच मनसोक्त नावे ठेवत आलो. परंतु त्या सात-आठ वस्तू एकत्र मांडून पाहिल्या, तर निखालस टाकाऊ म्हणावी अशी एकच निघते: गिटार खांद्यावरून न्यायची एक गिग बॅग, जिचा पट्टा दुसऱ्याच आठवड्यात स्वारगेटच्या स्थानकावर तुटला आणि मी गिटार गुडघ्यावर झेलली. बाकीच्या वस्तू आपापल्या जागी चांगल्या होत्या. मी त्या ज्या खोलीत, ज्या हवेत आणि जितक्या मोठ्या आवाजात ऐकून भुललो, ती खोली, ती हवा आणि तो आवाज बिलात धरलेला नव्हता, एवढेच.

अ‍ॅम्पचेच पाहा. २०१३ च्या दिवाळीत बोनस हातात आला आणि मी मुंबईच्या एका दुकानात गेलो. दुकानाच्या मागच्या बाजूला गालिचा घातलेली, काचेच्या जाड दाराची खोली होती. विक्रेत्याने व्हॉल्व्ह तापायला दोन मिनिटे दिली, व्हॉल्यूम सहावर नेला आणि गिटार माझ्या हातात ठेवली. मी साधा ए मेजर वाजवला. हात हलका ठेवला की आवाज स्वच्छ राही, जरा जोर लावला की त्याला खर चढे, आणि एखादा सूर धरून ठेवला की विरण्याऐवजी तो हळूहळू त्याच्याच वरच्या सुरात उमलत जाई. त्या आवाजाला बरगड्यांत जागा मिळत होती. मी आणखी दहा मिनिटे वाजवले ते निव्वळ उपचार म्हणून; निर्णय पहिल्या कॉर्डलाच झाला होता.

घरी आणल्यावर पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे सभ्य माणसांना चालेल अशा वेळी, मी बटण तीनवर नेले. चौथ्या मिनिटाला खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे होते. ते स्वतः पेटी वाजवतात, त्यामुळे बोलण्यात राग नव्हता. "वाजवता छान हो तुम्ही," ते म्हणाले, "पण आमच्या मांडणीवरची भांडी वाजताहेत. ती तेवढी तालात नाहीत." त्या दिवसानंतर बराच काळ बटण दोनच्या पुढे गेले नाही, आणि दोनच्या आत त्या अ‍ॅम्पचा आवाज शेजारच्या घरातला टीव्ही भिंतीतून ऐकावा तसा मिळमिळीत होता. दुकानात ऐकलेल्या आवाजाचा मागमूसही नव्हता.

असे का होते, हे मला पुढे वर्षभर वाचून कळले आणि ते आधी वाचले असते तर बरे झाले असते. वॉटचा आकडा मोठा फसवा आहे. गिटारचा बारा इंची स्पीकर एका वॉटला, एक मीटर अंतरावर, साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज देतो. एकाच वॉटला! निवासी भागासाठी आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे काकांच्या भांड्यांचा दोष नव्हता हे ध्यानात येते. शिवाय कानाचे गणित सरळ चालत नाही. वॉट दसपट केले तेव्हा कुठे आवाज कानाला दुप्पट वाटतो, आणि वॉट निम्मे केले तर आवाज निम्मा न होता जेमतेम तीन डेसिबलने उतरतो. "घरातच वाजवायचे आहे, म्हणून ३० ऐवजी १५ वॉटचा घेतो," असे मी बायकोला ज्या जबाबदार स्वरात सांगितले होते, तो सगळा शहाणपणा तीन डेसिबलचा होता.

आता दुसरी बाजू. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा जो खर लोकांना मोहात पाडतो, तो बराचसा पॉवरचे व्हॉल्व्ह, त्यांच्या मागचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा कागदी कोन यांच्यावर ताण पडल्यावरच येतो. माझ्या अ‍ॅम्पमध्ये ईएल८४ जातीचे दोन व्हॉल्व्ह आहेत. बटण दीडवर असताना ते तापलेले असतात, पण कामाला लागलेले नसतात. त्यात आपल्या कानाची खोड वेगळी. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवले होते, की आवाजाची पातळी खाली आणली की सगळे सूर सारखे मंदावत नाहीत. खर्जातले सूर मधल्या पट्टीतल्या सुरांपेक्षा फार लवकर हरवतात, आणि टोकाचे तीव्र सूरही मागे पडतात. म्हणजे अ‍ॅम्पने अगदी तोच आवाज लहान करून दिला असता, तरी माझ्या कानांनी त्यातला खर्ज काढून घेतला असता. दुकानदाराने मला फसवले नव्हते. त्याने सहावरचा आवाज विकला आणि मी तो दीडवर नेऊन ठेवला.

यावर मी जे केले ते सांगायला थोडी लाज वाटते. मी १९,००० रुपयांचा अ‍ॅटेन्युएटर मागवला. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये बसणारी ही जड पेटी अ‍ॅम्पची बरीचशी शक्ती उष्णतेच्या रूपाने जाळून टाकते आणि उरलेली थोडी स्पीकरकडे जाऊ देते, म्हणजे अ‍ॅम्पला वाटते तो सहावर चालला आहे आणि शेजाऱ्यांना वाटते टीव्ही चालू आहे. व्हॉल्व्हवर ताण आला, खरही आला. पण माझ्या कानांचे १९३३ पासूनचे दुखणे तसेच राहिले, स्पीकरचा कोन हलेना, आणि महागडे व्हॉल्व्ह मात्र पूर्ण वेगाने झिजू लागले. पहिल्या चुकीला सोबत म्हणून दुसरी आणून बसवण्याचा हा प्रकार गिटारवाल्यांत इतका सर्रास चालतो, की मला त्याचे नवल वाटेनासे झाले आहे. पेटी मी वर्षभराने ११,००० ला विकली. अ‍ॅम्प विकला नाही, कारण सहावरचा तो ए मेजर मला अजून आठवतो.

आवाजाची पातळी आणि वाद्याचे नशीब यांची गाठ जुनी आहे. लंडनमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्याला जिम मार्शल यांनी द हू या बँडच्या आग्रहावरून १०० वॉटचे अ‍ॅम्प बांधले, ते शौक म्हणून नव्हे. त्या काळी सभागृहातली ध्वनियंत्रणा गाणाऱ्याच्या माइकपुरती असे आणि गिटारला शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या बळावर पोचावे लागे. गिब्सन कंपनीची सनबर्स्ट रंगातली लेस पॉल गिटार ही तर त्याहून बोलकी गोष्ट आहे. १९५८ ते १९६० या काळात साधारण दीड हजार गिटारी निघाल्या, त्या पुरेशा खपेनात, आणि कंपनीने त्या नावाखाली वेगळ्याच, दोन शिंगांच्या पातळ आकाराची गिटार काढली. त्या काळच्या दुकानदारांच्या दृष्टीने ती एक फसलेली वस्तू होती. १९६६ साली गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या बँडबरोबर ध्वनिमुद्रण करताना तशीच एक जुनी लेस पॉल मार्शलच्या अ‍ॅम्पला जोडली आणि स्टुडिओतही रंगमंचावर वाजवतात तेवढ्याच मोठ्या आवाजात वाजवण्याचा हट्ट धरला. त्यानंतर ती गिटार सगळ्यांनाच हवी झाली, १९६८ साली गिब्सनला लेस पॉल पुन्हा काढावी लागली, आणि त्या मूळ दीड हजारांपैकी एखादी आज विक्रीला निघाली तर लाखो डॉलरची बोली लागते. लाकूड तेच, तारांचे कंपन विजेत बदलणारे पिकअप तेच. बदलला तो समोरचा आवाज.

हवेच्या बाबतीत मला शिकवले ते फझ पेडलने, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीने. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली माइकच्या स्टँडच्या गोल तळासारखे दिसणारे फझ फेस नावाचे पेडल काढले. त्याच्या आत जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर आणि मोजून मूठभर भाग असतात. त्याच धर्तीचे, हाताने बनवलेले एक पेडल मी एका हौशी कारागिराकडून जानेवारीतल्या रात्री, गच्चीवर, अंगात स्वेटर असताना ऐकून घेतले. आवाज दाट, मधासारखा ओघळणारा. गिटारवरचा व्हॉल्यूम किंचित उतरवला की तोच आवाज निवळून स्वच्छ होई. मे महिन्यात आमच्या बँडला सोलापुरात एका हळदीच्या कार्यक्रमाचे आमंत्रण होते. दुपारी चार वाजता, मांडवाखाली, पारा बेचाळीसवर असताना मी पेडलवर पाय दिला आणि स्पीकरमधून घसा बसलेल्या माणसाने खाकरावे तसा आवाज आला. सूर धरला की मध्येच तुटे. आमचा ड्रमर मागून म्हणाला, "दादा, पेडल उडालं वाटतं."

उडाले नव्हते. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून, बंद असायला हवा तेव्हाही, थोडा प्रवाह झिरपत असतो आणि तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की ही गळती सुमारे दुप्पट होते. जानेवारीच्या गारव्यात बसलेला तोल सोलापूरच्या मांडवात टिकणे शक्यच नव्हते. रात्री अकराला, पंगती उठल्यावर, सामान आवरताना मी ते सहज पुन्हा लावून पाहिले, तर ते आपोआप शुद्धीवर आले होते आणि जानेवारीसारखेच गात होते. ऐकायला मांडववाले सोडून कोणी नव्हते. मी रागाच्या भरात ते निम्म्या किमतीत विकले आणि उष्णतेला न बधणारे सिलिकॉनचे पेडल घेतले, जे बारा महिने चालते आणि बारा महिने मला थोडे कर्कश वाटते.

त्याच सुमाराची एक छोटी गोष्ट केवळ दुसऱ्या कोणाचे पैसे वाचावेत म्हणून नोंदवतो. न्यू जर्सीच्या मावसभावाने येताना माझ्यासाठी आवाजाला घुमारा देणारे एक रिव्हर्ब पेडल आणले. सोबतचा अ‍ॅडॅप्टर तिथल्या १२० व्होल्टचा होता, आणि मी त्याला पिन बदलणारी तीस रुपयांची टोपी लावून आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात खोचला. पिन बदलल्याने वीज बदलत नाही, हे अभियांत्रिकीची पदवी असलेल्या माणसाला धुराच्या वासावरून समजावे, याचे दुःख पेडलपेक्षा मोठे होते. पेडल वाचले, कारण अ‍ॅडॅप्टरने त्याच्यासाठी प्राण दिले.

आणि पंखा. हे कोणी सांगितले नाही तर कळतच नाही. मी स्ट्रॅटोकास्टर धाटणीची एक गिटार घेतली होती, सिंगल कॉइल, म्हणजे एकेका वेटोळ्याच्या पिकअपची, आणि घरी तिच्यातून अखंड घरघर येत असे. मी ती तीन वेळा दुकानात नेली. तिन्ही वेळा दुकानात ती जवळजवळ गप्प होती आणि तिसऱ्या वेळी तिथला मुलगा माझ्याकडे डॉक्टर संशयी रोग्याकडे पाहतात तसा पाहू लागला. सिंगल कॉइलमध्ये थोडी गुणगुण असतेच, ती मला ठाऊक होती; ही तिच्याहून वेगळी, खरवडणारी होती. उलगडा एका मार्चमधल्या दुपारी झाला, जेव्हा उकडायला लागले म्हणून मी पंखा तीनवरून पाचवर नेला आणि घरघर थांबली. तीनवर आणला, सुरू. पाचवर, बंद. जुन्या पद्धतीचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची प्रत्येक लाट कापून पंख्याचा वेग कमी करतो आणि त्या कापण्याचा कचरा खोलीभर उडवतो. पिकअपची तार तो इमाने वेचून अ‍ॅम्पकडे पाठवते. त्यानंतर दोन हिवाळे मी शाल पांघरून, पंखा पाचवर ठेवून रियाज केला. पुढे इलेक्ट्रिशियनने टप्प्याटप्प्याने फिरणारा दुसऱ्या जातीचा रेग्युलेटर तीनशे रुपयांत बसवून दिला. मधल्या काळात मी घरघर घालवण्याच्या नावाखाली ४,५०० रुपयांचे नॉइज गेट पेडल घेतले होते, हे इलेक्ट्रिशियनला सांगितले नाही.

क्लॉन सेंटॉरबद्दल लिहिल्याशिवाय असा मजकूर पुरा होत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. बिल फिनेगन या गृहस्थांनी १९९४ पासून पुढची सुमारे पंधरा वर्षे अमेरिकेत आवाजाला खर आणणारे हे ओव्हरड्राइव्ह पेडल बनवले, आतले सर्किट कोणी पाहू नये म्हणून त्यावर काळे एपॉक्सी ओतले, आणि उत्पादन थांबल्यावर जुन्या पेडलच्या किमती हजारो डॉलरवर गेल्या. सर्किट अर्थातच लोकांनी शोधून काढले आणि त्याच्या प्रतिकृतींचा पूर आला. त्यांच्या नंतरच्या केटीआर नावाच्या पेडलवर फिनेगन यांनीच छापले आहे, की लोकांना खुपणारा हा सगळा हास्यास्पद गाजावाजा त्यांनी केलेला नाही. मी जी प्रतिकृती घेतली ती उत्तम आहे. ती व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला पुढून ढकलण्यासाठी असते, आणि माझा अ‍ॅम्प कुठे आहे हे वर आलेच आहे.

स्टीली डॅन या अमेरिकी बँडचे वॉल्टर बेकर यांनी १९९० च्या दशकात या हव्यासाला 'गिटार अॅक्विझिशन सिंड्रोम' असे नाव दिले आणि त्याचे संक्षिप्त रूप 'गॅस' असे होते. गॅस म्हटल्यावर मराठी माणसाला ओवा आणि काळे मीठ आठवते, आणि खरे सांगायचे तर लक्षणे फारशी वेगळी नाहीत: रात्री झोप लागत नाही आणि आत काहीतरी अडकल्यासारखे वाटत राहते. तिकडे निदान वस्तू आवडली नाही तर काही दिवसांत परत करण्याची सोय अनेक दुकाने देतात. इकडे खोके उघडले की संबंध संपला. त्यामुळे निर्णय करायचा तो दुकानातल्या त्या उंच स्टुलावर बसून, जिथे आजूबाजूला चार पोरे आपल्यापेक्षा वेगाने वाजवत असतात, आणि आपण घाबरून तीच दोन वाक्ये वाजवतो जी कोणत्याही गिटारवर बरी वाजतात. अवघड काय आहे ते वाजवून पाहण्याऐवजी सोपे वाजवून आपण वस्तूची नव्हे, स्वतःची परीक्षा टाळतो. त्यात आयात शुल्कासकट मोजलेली किंमत इतकी असते, की फसलो असे मान्य करायला पुढे सहा महिने लागतात. जुन्या सामानाचा बाजार लहान. पुण्यात माझ्या ओळखीचे एक पेडल चार हातांतून फिरून पहिल्या मालकाकडे परत आलेले मी पाहिले आहे. बायको प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारते: "हे आधीच्यापेक्षा वेगळं काय करतं?" पैशाबद्दल ती काही बोलत नाही, आणि म्हणूनच त्या प्रश्नाला उत्तर देणे अवघड जाते.

सध्या मी काय वाजवतो, असे कोणी विचारलेच तर सांगतो: तळहाताएवढा डिजिटल प्रोसेसर आणि कानांवर हेडफोन. त्यात पन्नास अ‍ॅम्पच्या नकला आहेत आणि मी दोन वापरतो. हेडफोनमध्ये आवाज कितीही चढवता येतो, काकांची भांडी शांत आहेत, आणि बरगड्यांत काही होत नाही.

घेतल्याचा पश्चात्ताप असा बहुतेकदा हसण्यावारी नेता येतो. विकल्याचा मला एकच आहे आणि तो वेगळा लागतो.

ती अकूस्टिक गिटार होती, वरची फळी सलग स्प्रूसची आणि पाठ-बाजू शिसवीच्या. शिसव हे आपले लाकूड. ब्राझीलने आपल्या रोझवुडचे ओंडके बाहेर पाठवणे बंद केले तेव्हा मार्टिनसारख्या अमेरिकी कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवीचा आधार घेतला आणि तेव्हापासून दक्षिण भारतातल्या जंगलांतले लाकूड जगभरच्या गिटारींच्या पाठीवर आहे. २०१७ साली या वृक्षकुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळेपर्यंत गिटार कंपन्यांची चांगलीच तारांबळ उडाली. माझ्या गिटारीची शिसव इथून जहाजाने गेली असणार आणि गिटार होऊन, शुल्क भरून, परत आली. मी ती डिसेंबरात घेतली. डिसेंबरात पुण्याची हवा कोरडी असते आणि गिटारी ज्या कारखान्यांत बनतात तिथे हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर धरून ठेवलेली असते, त्यामुळे पहिले सहा महिने आमचे छान जमले.

जुलै आला आणि आर्द्रता ऐंशीच्या वर गेली. स्प्रूस पाणी पिऊन फुगते. तारा खाली जिथे अडकवतात त्या ब्रिजच्या मागे फळीला पोट सुटते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा फ्रेटबोर्डपासून दूर जातात. एफ चा बार कॉर्ड, ज्यात एकाच बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात, तो धरणे म्हणजे शिक्षा झाली. मी सिलिका जेलची पाकिटे कोंबली, गिटार कपाटात बल्ब लावून ठेवली, पावसाला दोष दिला, कंपनीला दोष दिला, मग वयाला दिला. पुढच्या डिसेंबरात फळी पुष्कळशी बसली, तरी एफ जड तो जडच राहिला, कारण आता मला तो जड असल्याचे ठाऊक झाले होते. खरे तर तो पहिल्या दिवसापासून थोडा जड होता. नवलाईच्या भरात मी तो सोसला होता. तिसऱ्या वर्षी सांगलीचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी येऊन ती घेऊन गेला. जाताना त्याने हार्डकेस रेल्वेत उभी ठेवावी की आडवी, असे दोनदा विचारले.

चार वर्षांनी तो नोकरीसाठी पुण्यात आला आणि त्याने एका शनिवारी मला खोलीवर बोलावले. चहा झाल्यावर त्याने गिटार माझ्या हातात दिली. बाहेर ऑगस्टचा पाऊस होता, खिडकी सताड उघडी होती, माझ्या मते गिटारीचे सगळे हाल चालले होते. मी सवयीने, दात आवळून, एफ धरला आणि बोट नुसते टेकले तोच कॉर्ड वाजला. सगळ्या सहा तारा. मी पुन्हा धरला. मग बी फ्लॅट, मग एफ मायनर.

"काय केलंस हिचं?"

"काही नाही काका. नट उंच होता."

त्याने तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरली आणि मला पहिल्या फ्रेटवर वाकून पाहायला सांगितले. तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट होती, जेमतेम. बोटाने टिचकी मारली की बारीक 'टिक्' असा आवाज येई. "तुमच्याकडून नेली तेव्हा यात व्हिजिटिंग कार्ड जात होतं," तो म्हणाला. नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती हाडाची पट्टी; तिच्यातल्या सहा खाचा कारखान्यातून निघतानाच उथळ राहिल्या होत्या. त्यामुळे पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागे, सूर किंचित चढे, आणि पावसाळ्यात ब्रिज उचलला की त्यात भर पडे. पावसाचा वाटा होता, पण मूळ दुखणे दुसऱ्या टोकाला होते आणि मी तिकडे तीन वर्षांत एकदाही वाकून पाहिले नव्हते.

"सेटअप कुणी केला? मुंबईला पाठवलीस?"

"नाही हो. मिरजेला, सतारीवाल्यांकडे. घराजवळच आहेत. त्यांनी गिटार याआधी हातात घेतली नव्हती. पण मी दुखणं सांगितल्यावर म्हणाले, आम्ही रोज सतारीची घोडी घासून जवारी काढतो, ही तर नुसती खाच आहे. कानस घेतली, दोन घासे दिले की तार लावून ऐकायचे, परत दोन घासे. तासभर लागला."

"घेतले किती?"

"काहीच नाही घेतलं. बसून ऐकवायला सांगितलं फक्त."

मी गिटार आणखी बराच वेळ मांडीवर ठेवली. निघताना, अगदी सहज विचारल्यासारखे दाखवत, तू ही विकणार असलास तर आधी मला कळव, असे म्हणालो. तो बूट घालत होता, मला रिक्षापर्यंत सोडायला. नाही विकणार, म्हणाला, आणि छत्री शोधायला आत गेला.